चाळिशीनंतर शिक्षणशास्त्रात पीएचडी, नागपुरात, नोकरी सांभाळून

मी पीएचडीला नाव टाकलं तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. शाळेतले आमचे शिपाई काका, रिटायरमेंटला आलेले, त्यांच्या कानावर गेलं तर म्हणाले, "मॅडम, आता कायले पाह्यजे तुमाले हे? पगार तं वाढत नाही यानं." काका शंभर टक्के बरोबर होते, माझा आजपर्यंत एक रुपया वाढलेला नाही. पण मागच्या वर्षी व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, झाला, नावाच्या आधी डॉक्टर लागलं आणि तेव्हापासून दर महिन्याला कोणाचा तरी मेसेज येतोच, मॅडम मला पण करायचंय, कुठून सुरुवात करू. प्रत्येकाला तेच ते टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लांबलचक झालंय, चहा घेऊन बसा.

हे ज्यांची शिक्षणात दहा-पंधरा वर्षं गेलीत त्यांच्यासाठी आहे. शाळेत असा, बीएड कॉलेजात, डाएटमध्ये (जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था) किंवा एखाद्या संस्थेत, आणि नोकरी सोडणं परवडणारं नाही. फुलटाइम करणाऱ्या पोरापोरींचं गणित वेगळं असतं, त्यांना यातलं अर्धंच लागू होईल.

आधी कशाला करायची ते ठरवा

सिनियर कॉलेजात लागायचं म्हणून पीएचडी पाहिजे असं बरेच जण म्हणतात. तर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरच्या थेट भरतीला नेट (देशपातळीची पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची) ही किमान अट ठेवलीये, पीएचडी ऐच्छिक आहे. म्हणजे फक्त तेवढंच पाहिजे असेल तर आधी नेट-सेट काढा, सहा वर्षं वाचतील. बीएड-एमएड कॉलेजचे नियम थोडे वेगळे असतात, ते ज्या जागेसाठी अर्ज करताय त्या जाहिरातीतच बघा. नावापुढे डॉक्टर लागावं म्हणून करणारे पण पाहिलेत, त्यात वाईट काही नाही, फक्त तिसऱ्या वर्षी रात्री अकरा वाजता एक्सेल शीट भरताना तेवढं कारण पुरत नाही. तुमच्या रोजच्या कामात काहीतरी सारखं खुपत असेल, वर्गात तेच ते दिसतंय आणि का होतंय ते कळत नाहीये, तर मात्र करा.

पात्रता आणि परीक्षा, पटकन

शिक्षणशास्त्रात पीएचडी म्हणजे साधारण एमएड किंवा एमए एज्युकेशन पाहिजे, ५५ टक्के. एससी, एसटी, नॉन क्रीमीलेअर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना ५ टक्के सूट. इथेच पुष्कळ शिक्षक अडकतात, कारण एमए मराठी-बीएड किंवा एमएस्सी-बीएड असतं, वीस वर्षं शिकवलेलं असतं आणि वाटतं की अनुभव धरतील. धरत नाहीत. मग आधी एमए एज्युकेशन करा किंवा तुमच्या मूळ विषयात पीएचडी करून विषय शिक्षणाकडे झुकणारा घ्या, पण त्याला गाईड तसा मिळायला पाहिजे.

परीक्षेला दोन रस्ते. एक विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा, आपल्याकडे पेट म्हणतात. यूजीसीचे २०२२ चे नियम सांगतात की पेपर अर्धा संशोधन पद्धतीवर आणि अर्धा विषयावर, ५० टक्के मिळाले की मुलाखत, आणि मेरिट लावताना लेखीला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन. दुसरा रस्ता नेट. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो, पहिल्यात जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप, दुसऱ्यात असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी, तिसऱ्यात फक्त पीएचडी प्रवेश. म्हणजे नेट थोडक्यात हुकली तरी तिसऱ्या गटात नाव येऊ शकतं, फक्त दुसऱ्या-तिसऱ्या गटाचे मार्क पीएचडी प्रवेशाला एकच वर्ष चालतात. जेआरएफला वयाची अट ३० वर्षांची आहे तर ती आपल्यासाठी गेली, पण बाकी दोन्हींना वयाची अट नाही. नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर, दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठी माध्यमातून एमएड केलेल्यांनी विश्वसनीयता, सप्रमाणता, परिकल्पना हे शब्द इंग्रजीत काय म्हणतात ते आधी पाठ करा, मी पहिल्या खेपेला त्यातच गचके खाल्ले.

कोणत्या वर्षी विद्यापीठ पेट घेतं आणि कोणत्या वर्षी नेटचे मार्क धरतं हे त्या वर्षीच्या नोटिफिकेशनमध्ये बघायचं. मागच्या वर्षीच्या कोणाच्या सांगण्यावर राहू नका.

नागपुरात राहून कुठे कुठे? पहिलं अर्थातच आपलं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, १९२३ चं आहे, अमरावती रोडचा कॅम्पस आणि शिवाय ज्या कॉलेजांना रिसर्च सेंटरची मान्यता आहे ती. वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ आहे, केंद्रीय आहे, रेल्वेने तासा-सव्वातासात पोचतो, हिंदीत लिहायला तयार असाल तर जरूर बघा. अमरावतीला संत गाडगेबाबा विद्यापीठ, गडचिरोलीला गोंडवाना. पण पार्टटाइमवाल्याने अंतर हा मुद्दा हलका घेऊ नये, एका सहीसाठी अख्खी रजा जाते तेव्हा समजतं.

पार्टटाइम आणि एनओसी

२०२२ च्या नियमांत पार्टटाइम पीएचडीला स्पष्ट परवानगी आहे. त्यासाठी तुम्ही जिथे काम करता तिथलं एनओसी लागतं आणि त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या पाहिजेत: तुम्हाला पार्टटाइम संशोधनाची परवानगी आहे, तुमच्या कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी, म्हणजे सुरुवातीला वर्गात बसून करायच्या अभ्यासक्रमासाठी, तुम्हाला मोकळं करतील. तिसऱ्या वाक्यावर संस्थाचालक हमखास अडतात. एका मैत्रिणीच्या संस्थेने दोन ओळींचं "आमची हरकत नाही" एवढंच दिलं आणि अर्ज परत आला. म्हणून कोऱ्या कागदावर मागू नका, तिन्ही मुद्दे घातलेला मसुदा स्वतः टाइप करून न्या, लेटरहेड त्यांचं, आणि मे महिन्यात न्या. जूनमध्ये शाळा सुरू होतानाच्या गडबडीत कोणी सही करत नाही. झेडपीत असाल तर गटशिक्षणाधिकाऱ्यापासून वर फाइल जायला वेळ लागतो, तो धरून चला.

वेळ किती? किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यानंतर री-रजिस्ट्रेशन करून आणखी दोन. बायकांना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांग असणाऱ्यांना त्याच्यावर दोन मिळू शकतात, म्हणजे एकूण दहा. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा पण आहे, हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं. मला सहा वर्षं लागली, त्यातलं दीड कोरोनाने खाल्लं.

गाईड

एका गाईडकडे जागा मोजक्याच असतात, प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार. आणि ज्यांच्या रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेत ते नवीन विद्यार्थी घेऊ शकत नाहीत. त्यामुळे "सर खूप मोठे आहेत" यापेक्षा सरांकडे जागा आहे का आणि सर अजून किती वर्षं आहेत हे आधी विचारा, विचारायला लाज वाटते पण विचारा. मग शोधगंगेवर जा, गुजरातेतल्या गांधीनगरचं इन्फ्लिबनेट चालवतं ते, देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात, तिथे त्या गाईडचं नाव टाकून त्यांच्या हाताखाली झालेले दोन-तीन प्रबंध उघडा. सगळ्यांची मांडणी सारखीच, फक्त तालुका बदललेला, असं दिसलं तर तुम्हाला पण तसंच करायला लावतील. आणि त्यांच्याच एखाद्या पार्टटाइम विद्यार्थ्याला फोन करून एकच प्रश्न विचारा, सर चॅप्टर परत किती दिवसांत देतात. बाकी कशाने फरक पडत नाही एवढा याने पडतो.

विषय, इथे घाई करू नका

आपल्या अनुभवी लोकांचा घात इथे होतो. मी गाईड सरांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या डायरीत शीर्षक तयार होतं: "विदर्भातील माध्यमिक शाळांमधील विद्यार्थ्यांच्या गणित विषयातील संपादणुकीचा चिकित्सक अभ्यास". मला वाटलं काय भारदस्त आहे. सरांनी वाचलं आणि लाल पेन काढलं.

"विदर्भात जिल्हे किती?"

"अकरा."

"तुम्ही कितीत जाणार?"

मी गप्प.

"मग विदर्भ खोडा. चिकित्सक म्हणजे नेमकं काय करणार?"

मी पुन्हा गप्प. तेही खोडलं. असं करत करत त्या कागदावर "विद्यार्थी" आणि "गणित" एवढे दोनच शब्द राहिले आणि सर म्हणाले, आता सांगा, वर्गात काय होतं ते सांगा, प्रबंधाचं मरू द्या.

मग मी संत्र्याचं सांगितलं. आमची शाळा सेमी इंग्लिश, म्हणजे बाकी सगळं मराठीत आणि गणित-विज्ञान इंग्रजीत. सहावीत एक उदाहरण दिलं होतं, टोपलीत चोवीस ऑरेंजेस आहेत, नऊ विकल्या, हाऊ मेनी आर लेफ्ट. एका पोराने काहीच लिहिलं नाही, बसून होता, हुशार पोरगा. मी विचारलं काय रे, तर म्हणतो, "मॅडम, डाव्या बाजूले किती आहे ते चित्रच नाही दिलं." लेफ्ट म्हणजे डावा. मी तेच मराठीत विचारलं, नऊ विकली, किती उरली, माझं वाक्य संपायच्या आत पंधरा म्हणाला.

सर म्हणाले हाच तुमचा विषय, घरी जा आणि लिहून आणा. मी लिहून नेलं की सेमीमधली मुलं शाब्दिक उदाहरणांत भाषेमुळे अडतात हे मी सिद्ध करणार. तर म्हणाले, "तुम्हाला उत्तर माहीतच आहे तर अभ्यास कशाला करता, पेपरात लेख लिहा आणि मोकळ्या व्हा." राग आला मला, खरंच आला. एकोणीस वर्षं शिकवत होते तेव्हा. पण घरी येऊन बसले आणि लक्षात आलं की मला माझंच म्हणणं खोटं ठरू शकेल अशी चाचणी बनवायची होती आणि मी नेमकी तीच टाळत होते. शेवटी एकाच प्रकारची उदाहरणं तीन रूपांत केली, इंग्रजी शब्दांत, मराठी शब्दांत आणि शब्दच नाहीत अशी, नुसती आकड्यांची मांडणी. पोरगं आकड्यांतच चुकत असेल तर भाषेला दोष देता येत नाही. शिवाय तेच उदाहरण तीनदा दिलं तर तिसऱ्यांदा पाठच होतं, म्हणून आकडे बदलले, आणि वेगवेगळ्या तुकड्यांना वेगवेगळ्या क्रमाने दिली. एवढं डिझाइन बसायला चार महिने गेले आणि माझ्या मते पूर्ण पीएचडीत मी खरं शिकले ते त्याच चार महिन्यांत.

तर विषय काढायची माझी पद्धत सांगते. एक महिना डायरी ठेवा, रोज शाळा सुटल्यावर तीन ओळी, आज कुठे अडलं. मोठे शब्द नकोत, "निपुणची चाचणी घेतली, तिसरीतली चौघं अक्षरं ओळखतात पण शब्द जोडत नाहीत" असं. महिन्याने वाचा, जे पाच-सहा वेळा आलंय ते घ्या. मग शोधगंगा, गुगल स्कॉलर आणि अमेरिकन सरकारचा एरिक नावाचा फुकट डेटाबेस, या तिन्हींवर बघा कोणी काय केलंय. आणि मग स्वतःला विचारा की याचं उत्तर माझ्या अंदाजाच्या उलट आलं तर मी ते लिहीन का.

सिनॉप्सिस, आरआरसी, कोर्सवर्क

सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, विद्यापीठाच्या आरआरसीपुढे, म्हणजे संशोधनाला मान्यता देणाऱ्या समितीपुढे, मांडायचा असतो, दहा-पंधरा मिनिटं मिळतात, समोरच्यांनी दिवसभरात पुष्कळ ऐकलेले असतात. पार्श्वभूमीवर वेळ घालवू नका, शिक्षणाचं महत्त्व त्यांना माहीत आहे. प्रश्न काय, कोणावर, कशाने मोजणार, एवढं पहिल्या तीन मिनिटांत बोला. माझ्या आधीचे एक सर वेदकाळापासून सुरू झाले होते, ब्रिटिश येईपर्यंत घंटी वाजली.

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, ५५ टक्के पाहिजेत, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा २ क्रेडिटचा कोर्स सगळ्यांना सक्तीचा. आपण पोरांना शिकवून शिकवून स्वतः बाकावर बसायचं विसरलेलो असतो, पहिला आठवडा फार अवघड जातो, शेजारी पंचविशीची मुलगी बसते आणि तिला स्टॅटिस्टिक्स खटाखट येतं. तिच्याशीच मैत्री करा.

पानांची भिशी

माझ्या मते पार्टटाइमवाल्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट ही आहे, आणि ती कोणत्याही नियमात नाही.

बाहेरच्या देशांत अनुभवी लोकांसाठी ईडीडी नावाची वेगळी डॉक्टरेट असते. हार्वर्डने ती १९२० मध्ये सुरू केली, इंग्लंडात ब्रिस्टल विद्यापीठाने १९९२ मध्ये. त्यात एक बॅच असते, सगळे नोकरीवाले, कोणी हेडमास्तर, कोणी अधिकारी, पहिली दोन-तीन वर्षं ठरलेले विषय, प्रत्येकाला ठरलेल्या तारखेला असाइनमेंट, आणि मग स्वतःच्या कामातल्याच एखाद्या अडचणीवर प्रबंध. मला ते वाचून हेवा वाटला होता, कारण आपल्याकडे कोर्सवर्क संपलं की तुम्ही एकदम एकटे पडता. कागदावर दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, प्रगती दाखवायची असते, पण सहा महिने म्हणजे नोकरीवाल्यासाठी पाच महिने तीन आठवडे काही नाही आणि शेवटच्या आठवड्यात रात्रभर जागरण.

मग आम्ही चौघांनी स्वतःच बॅच केली. मी, एक बीएड कॉलेजच्या मॅडम, काटोलकडचे एक झेडपीचे सर आणि एक स्पेशल एज्युकेटर ताई. भिशी असते ना तशी. महिन्यातून दोनदा, दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, आळीपाळीने एकेकाच्या घरी, सकाळी साडेआठला. फरक एवढाच की पैशाच्या ऐवजी पानं. ज्याचा नंबर त्याने गुरुवारपर्यंत ग्रुपवर किमान सहा पानं टाकायची, कशीही असोत, अर्धवट असोत, बाकीच्यांनी वाचून यायचं. नाही टाकली तर पोह्यांचा खर्च त्याचा, तर्री सकट. पहिले तीन महिने सगळे पोहे काटोलच्या सरांनीच खाऊ घातले.

नियम दोनच. "छान आहे" म्हणायचं नाही, आणि शाळेचं राजकारण दहाच्या आधी काढायचं नाही. विषय चौघांचे वेगळे होते ते उलट बरं झालं, कारण माझं वाक्य स्पेशल एज्युकेटर ताईंना समजत नसेल तर ते बाहेरच्या परीक्षकाला पण समजणार नव्हतं. माझ्या दुसऱ्या प्रकरणात "अनेक तज्ज्ञांनी असे नमूद केले आहे" असं अकरा वेळा होतं, बीएडवाल्या मॅडमनी मोजून दाखवलं, आणि प्रत्येकाशेजारी लिहिलं, कोणत्या?

डेटा गोळा करताना

चाचणी किंवा प्रश्नावली बनवली की आधी चार-पाच जाणत्यांना दाखवायची, मग दुसऱ्याच एखाद्या शाळेत छोटी पायलट, म्हणजे रंगीत तालीम, घ्यायची, विश्वसनीयता काढायची (चाचणी भरवशाची आहे का ते), आणि मगच खरा डेटा. पायलट टाळू नका. माझ्या पायलटमध्ये कळलं की चाळीस मिनिटांच्या तासाला मी बावन्न मिनिटांचा पेपर घेऊन गेले होते.

परवानग्या लेखी घ्या, शिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक, आणि मुलं लहान असतील तर पालकांची संमती, साध्या मराठीत, अर्ध्या पानात. स्वतःच्याच शाळेतल्या मुलांवर सगळा अभ्यास करू नका, ती मुलं मॅडमला बरं वाटेल तेच लिहितात. आणि कोणाच्या शाळेत जाल तर एक दिवस नुसतं ओळखीसाठी जा, स्टाफरूममध्ये बसा, मग पेपर वाटा.

कॅलेंडर तर भिंतीवर लावा. उन्हामुळे आपल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जून गेलाच समजा. जुलै ते सप्टेंबर बरा, मग घटक चाचण्या आणि सहामाही, दिवाळी, डिसेंबरात गॅदरिंग, फेब्रुवारी-मार्च बोर्ड. वर निवडणूक ड्युटी. २०२४ मध्ये नागपुरात १९ एप्रिलला लोकसभा आणि २० नोव्हेंबरला विधानसभा झाली, दोन्हीच्या ट्रेनिंग धरून माझे जे दिवस गेले ते मी लिहिण्यासाठी धरून ठेवलेले होते. हातात वर्षाला नऊ-दहा आठवडे खरे मिळतात, तेवढेच धरून प्लॅन करा. माझा डेटा तर एप्रिल २०२० ला घ्यायचा ठरला होता, पुढे काय झालं ते सांगायला नको.

आकडेमोडीसाठी महागडं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही, जामोवी फुकट आहे आणि टी टेस्ट, एनोव्हा, क्रॉनबॅक अल्फा अशी संख्याशास्त्राची गणितं सगळी होतात. पण दुसऱ्याला पैसे देऊन "अ‍ॅनालिसिस करून घेणं" नको. व्हायवाला ही टेस्ट का लावली असं विचारतात तेव्हा तो माणूस तिथे नसतो.

लिहिणं

रोज लिहा वगैरे मी सांगणार नाही, मला जमलं नाही. मला जमलं ते एवढं, की वाचन मेट्रोत. सुभाष नगरला बसायचं, चितार ओळीला उतरायचं, जाता-येता एक पेपर, मार्जिनमध्ये एकच ओळ, हा माणूस काय म्हणतो. आणि लिहिणं फक्त शनिवारी दुपारी, सकाळची शाळा सुटली की चार तास, घरी नाही, घरी कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जातात. नवऱ्याला आणि सासूबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की शनिवार घराचा नाही. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, तिची शनिवारी शाळा असते, ती विद्यार्थी असते.

आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी महत्त्वाचं, युनिकोडमध्येच टाइप करा. मी पहिली दोन प्रकरणं टायपिस्टकडे दिली, त्याने कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये केली, मग युनिकोडला कन्व्हर्ट केली तर सगळ्या रफारांची वाट लागली, "विद्यार्थी" चं "विद्याथीर्" झालं, आणि शिक्षणशास्त्राच्या प्रबंधात विद्यार्थी हा शब्द किती वेळा येतो तुम्हीच बघा. तीन रविवार गेले. मोबाइलवर मराठी टाइप करता ना, तसंच लॅपटॉपवर शिका, पंधरा दिवसांत हात बसतो. संदर्भांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर लावा, पहिल्या दिवसापासून, तेही फुकट आहे.

उचलेगिरीची तपासणी होतेच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० असेल तर दुरुस्त करून पुन्हा द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर देता येत नाही आणि ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. वाचताना कॉपी-पेस्ट करून ठेवायची सवय असेल तर ते वेगळ्या रंगात ठेवा, सहा महिन्यांनी आपलं कोणतं आणि त्यांचं कोणतं हे आपल्यालाच कळत नाही.

पेपर छापणं आमच्या वेळी सक्तीचं होतं, २०२२ च्या यूजीसी नियमांतून ती सक्ती गेली. तरी तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम बघून घ्या, आणि पैसे भरले की आठ दिवसांत छापणाऱ्या जर्नलवाल्यांचे मेल आले की डिलीट करा.

शॉर्टकटवाले

ते पण मेल करतात, फोन करतात. "सर, घरबसल्या पीएचडी, फक्त दोनदा यायचं." एकाने मला सिनॉप्सिस ते बाइंडिंग असं पॅकेज सांगितलं होतं, हप्त्यांसकट, जणू फ्रिज घेतेय. डिस्टन्स किंवा ऑनलाइन पीएचडीला यूजीसीची परवानगीच नाही, आणि एडटेक कंपन्यांमार्फत परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पीएचडी मान्य नाही अशी जाहीर सूचना यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषद) ऑक्टोबर २०२२ मध्येच काढलीये. जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षं पीएचडीचे प्रवेश बंद केले. तिथे पैसे भरून बसलेले नोकरीवाले आपल्यासारखेच असणार.

बाहेरची ईडीडी खरंच करायची असेल, रीतसर, तिथे जाऊन, तर करा, फक्त इथे नोकरीसाठी वापरायची असेल तर समकक्षता मिळते का ते फी भरायच्या आधी बघा.

पैशाचं थोडं. पगार चालू असताना फेलोशिप मिळत नाही. फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्थांपैकी महाज्योतीचं मुख्य ऑफिस आपल्या नागपुरातच आहे, पुण्याला बार्टी आणि सारथी आहेत, पण त्या पूर्णवेळ करणाऱ्यांसाठी. त्यामुळे खिशातूनच आहे हे धरून चला. फीपेक्षा झेरॉक्स, येणं-जाणं आणि शेवटच्या कॉपीज यात जास्त जातात.

शेवटचा टप्पा

प्रबंध तयार झाला की आधी प्री-सबमिशन प्रेझेंटेशन, तिथे जे सुचवतात ते खरंच दुरुस्त करा. मग प्रबंध किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, रिपोर्ट चांगले आले की व्हायवा. नियम म्हणतो सहा महिन्यांत सगळं आटपावं, पण दर महिन्याला विभागात जाऊन नम्रपणे विचारत राहा, गाईडवर सोडून बसू नका. व्हायवा खुला असतो, तुमच्या शाळेतल्या लोकांना बोलवा. माझ्या वेळी परीक्षकांनी वेगळाच प्रश्न विचारला, आकड्यांमध्येच चुकलेल्या मुलांचं तुम्ही पुढे काय केलं. प्रबंधात त्याचं उत्तर नव्हतं, मी तसंच सांगितलं, आणि सध्या शाळेत त्याच मुलांसोबत मधल्या सुट्टीआधी वीस मिनिटं बसते असं सांगितलं. त्यावर ते पाच मिनिटं माझ्याशी पोरांबद्दलच बोलत बसले.

आमच्या चौघांपैकी दोघांचं झालं, दोघांचं बाकी आहे, त्यामुळे भिशी चालूच आहे. या रविवारी नंबर काटोलच्या सरांचा, चौथं प्रकरण. आज शुक्रवार, पानं अजून ग्रुपवर आलेली नाहीत.